घासणाऱ्यानं तपासायचं नाही

चिठ्ठीवर दोन सह्या होत्या आणि दोन्ही एकाच हाताच्या.

सून जेवून जिना उतरली तेव्हा पिस्तूल पुसून, फडक्यात गुंडाळून काउंटरवर आलेलंसुद्धा होतं. नवरा त्याला दोरा बांधत होता. समोरच्या खुर्चीत कप्तान पायावर पाय टाकून बसलेला. कशाचा कप्तान ते कुणालाच माहीत नव्हतं. पहारेकरी पुरवायचा धंदा होता त्याचा. उन्हात उभं त्यांनी राहायचं आणि ऐट यानं मारायची. तिचं लक्ष कप्तानकडेही गेलं नाही नि नवऱ्याकडेही नाही. दोऱ्याला लटकणाऱ्या चिठ्ठीकडे गेलं. डावीकडे सासऱ्याची सही, खाली लांब शेपटी ओढलेली. उजवीकडेही तीच शेपटी.

"हे काय आहे?"

"काय काय आहे?" नवरा म्हणाला.

"उजवीकडची सही कुणी केली?"

"आबांनी. तू जेवत होतीस ना."

"जेवत होते, मेले नव्हते."

दुकान बंदुका-पिस्तुलं दुरुस्त करायचं. पुढे काउंटर, मग लोखंडी जाळी, जाळीमागे कामाची खोली आणि वर घर. सासऱ्यानं चाळीस वर्षांपूर्वी सुरू केलेलं. लेकाला गिऱ्हाईक सांभाळता यायचं, पण कानस धरता यायची नाही. धरली की एक बोट चिंधीत. सून लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच महिन्यात सासऱ्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली. त्याला आता नऊ वर्षं झाली.

आणि त्या खोलीत एकच कायदा होता, सासऱ्यानंच केलेला. ज्यानं घासलं त्यानं तपासायचं नाही. आपल्या पोराचं नाक नकटं आहे हे कुठल्या आईला दिसतं, असं तो म्हणायचा. म्हणून घासणाऱ्याची सही डावीकडे, तपासणाऱ्याची उजवीकडे. सासऱ्यानं घासलेलं सून तपासणार, सुनेनं घासलेलं सासरा.

सेफ्टीच्या, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेल्या खटक्याच्या, कामात तर हा कायदा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नवा लिव्हर येतो तो मुद्दाम जाडाच येतो. त्याचं आतलं टोक घासत घासत त्या एकाच पिस्तुलाच्या मापाचं करावं लागतं. आत एक नखाएवढा तुकडा असतो, तो गोळीवर आपटणाऱ्या घोड्याला मागे धरून ठेवतो, चाप ओढला की सोडतो. कारखान्यात त्याला काहीही म्हणू देत, या दुकानात त्याला कुत्रं म्हणायचे, सायकलच्या चाकात असतं तसलं. सेफ्टीनं करायचं एवढंच, की कुत्र्याला जागचं हलू द्यायचं नाही. टोक कमी घासलं तर लिव्हर वर चढतच नाही. ते परवडलं, लगेच कळतं तरी. पण एक केस जास्त घासलं की संपलं. लिव्हर लोण्यासारखा वर जातो, खट्ट वाजतो, माणूस म्हणतो लागली सेफ्टी. तो खट्ट नुसता बाहेरच्या स्प्रिंगचा. आत कुत्रं मोकळंच. दाराला कडी आहे, पण कोयंडाच नाही, तसं.

नवऱ्यानं मारलेली गाठ तिनं दातानं सोडवली.

"वहिनी, वहिनी," कप्तान उठला. "चार वाजता माझा माणूस दवाखान्याच्या दारात उभा राहायचाय."

"राहू दे की. रिकाम्या हातानं राहील."

"म्हणजे आता आबांच्या हातावर शंका घ्यायची?"

"हातावर नाही, सहीवर."

नवरा हळूच म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. एवढ्या लांबून आलेत." गिऱ्हाइकासमोर ती त्याला अहो म्हणायची आणि आत गेलं की तू. आत्ता तिनं काहीच म्हटलं नाही. नुसतं बघितलं, आणि तो दोऱ्याचं रीळ गुंडाळायला लागला.

आत सासरा दाराकडे पाठ करून बसला होता. दिव्याखाली वाईसच्या जबड्यातला लोखंडाचा भुगा ब्रशनं गोळा करत होता, अगदी शांतपणे.

"आबा, दोन्ही सह्या तुमच्याच आहेत."

त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. हे असंच चाललं होतं दोन वर्षं. चहा झालाय म्हणावं, म्हातारा कानसच न्याहाळतोय. दूधवाला आलाय म्हणावं, हूं नाही की चूं नाही. सुनेचं बोलणं म्हणजे माशीची भुणभुण. पहिल्यांदा वाटलं आपलंच काही चुकलं. मग वाटलं, हातात कला आली म्हणून म्हाताऱ्याला खुपायला लागली असेल. शेवटी तिनंही बोलणं टाकलं. एकाच बाकावर, एकाच दिव्याखाली, हातभर अंतरावर दोघं बसायची आणि दिवसभरात चार शब्द नाहीत. वस्तू पुढे सरकवायची, वस्तू मागे घ्यायची, सही करायची, झालं. लेकाशी मात्र म्हातारा बोलायचा. दोघं बापलेक एकमेकांच्या अंगावर ओरडल्यासारखं बोलायचे, जसं काही मधून नदी वाहतेय.

ती बाकाला वळसा घालून पुढे गेली आणि पिस्तूल त्याच्या नाकासमोर ठेवलं.

"काय आहे?" सासरा ओरडला.

"घासलं कुणी?"

"मी!"

"तपासलं कुणी?"

"मीच तपासलं! स्वच्छ आहे! माणूस खोळंबला होता, तू वर गिळत बसली होतीस!"

"वीस मिनिटं, आबा. वीस मिनिटं कप्तान मेला असता का?"

"चाळीस वर्षं झाली मला!" त्यानं ब्रश आपटला, गोळा केलेला सगळा भुगा उडाला. "आता सूनबाई शिकवणार?" खूश असला की तो पोरी म्हणायचा. सूनबाई म्हणाला की समजायचं, वाकडं आहे.

"मी कशाला शिकवू? कायदा तुमचा. माझ्यासाठी कायदा आणि तुमच्यासाठी पायपुसणं, असं होय?"

एवढं बोलून तिनं पिस्तूल उचललं. मॅगझिन काढून ठेवलं, नळी उघडून बघितली, आत बोट घालून बघितलं. रिकामी. मग घोडा मागे ओढला. सेफ्टी लावली. खट्ट. काय गोड आवाज होता, कुणीही फसावं असा. चाप जोरात आवळला, घोडा पडला नाही. चाप सोडला. सेफ्टी काढली. इथपर्यंत कुणीही करतं, आणि इथेच सगळे थांबतात. तिनं पिस्तूल कानाशी नेलं आणि अंगठ्यानं घोडा अगदी थोडासा मागे घेतला.

टिक.

काडेपेटीवर नखानं टिचकी मारावी, इतकाच. पण होता. म्हणजे मघाशी चाप ओढल्यावर कुत्रं सरकलं होतं. ते काठावर लटकून होतं आणि आत्ता परत जागेवर बसलं. आज केसभर सरकलं. उद्या खिशात, पट्ट्यात, जिन्यावर धक्का लागला की पूर्ण सरकणार. आणि ज्याच्या कमरेला ते असेल तो बिचारा म्हणणार, सेफ्टी तर लावली होती.

"आवाज आला," ती म्हणाली.

"नाही येत!"

"आला, आबा."

"अरे, मी ऐकलं ना! कानाला लावून ऐकलं! दगडासारखं गप्प आहे!"

ओरडा ऐकून नवरा आणि कप्तान जाळीशी येऊन उभे राहिले. बरं झालं, ती म्हणाली मनात. तिनं नवऱ्याला रस्त्याकडचं दार लावायला लावलं, पंखा बंद केला. खोलीत माणसांचे श्वास तेवढे राहिले. मग तिनं तेच सगळं परत केलं, सगळ्यांसमोर, सावकाश.

टिक.

"बघ! काही नाही!" सासरा विजयानं म्हणाला. मग दोघांकडे वळला. "तुम्हाला आला का रे?"

कप्ताननं आपल्या बुटाकडे बघितलं. "आपल्याला तर नाही बुवा आला."

"तुला?"

"नाही," नवरा म्हणाला. "बाहेरून गाडीबिडी गेली असेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज खोलीभर झाला होता. पंखा बंद, दार बंद, भिंतीवरच्या पालीनंसुद्धा ऐकला असता. आणि हे दोन घोडे उभे राहून सरळ नाही म्हणतायत? नवऱ्याचे कान लालबुंद झाले होते. तो खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण कप्तानचं ठीक आहे, त्याला घाई होती. नवरा कशाला खोटं बोलेल? तिनं सासऱ्याकडे बघितलं, आणि तिला ते दिसलं. म्हातारा पिस्तुलाकडे बघत नव्हता. तिच्या डोळ्यांतही बघत नव्हता. तो तिच्या ओठांकडे बघत होता.

ती हळूच भिंतीकडे वळली. पाठमोरीच, रोजच्या आवाजात म्हणाली, "आबा, दुकानाला आग लागलीये."

"ऑं? कुठे?" कप्तान उडालाच.

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले.

सासरा दिव्याखाली बसून वाट बघत होता, ती वळून काय बोलते त्याची.

तिला कीव यायला हवी होती. आली नाही. आला तो रागच, आधीपेक्षा दुप्पट. दोन वर्षं ती या माणसाचा अपमान गिळत होती आणि तो अपमान नव्हताच. उशीत तोंड खुपसून जेवढ्या शिव्या घातल्या होत्या त्या सगळ्या फुकट गेल्या होत्या. तिनं खणातून लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला, मूठ कपड्याला पुसली आणि सासऱ्यासमोर धरली.

"तोंड उघडा."

"काय?"

"तोंड! उघडा! दातात धरा!"

मोटारवाले असं करतात, इंजिनाच्या पोटात काय खडखडतंय ते बघायला. आवाज दातातून हाडात जातो, कानाची गरजच नाही. म्हाताऱ्याला ते माहीत होतं. तो क्षणभर तिच्याकडे असा बघत राहिला, की आता हाणतोच. मग त्यानं मूठ दातात धरली. तिनं दुसरं टोक पिस्तुलाला टेकवलं, घोड्याच्या अगदी मागे. घोडा, सेफ्टी, चाप, सोडला, सेफ्टी काढली. अंगठा.

टिक.

म्हाताऱ्याचा जबडा हलला नाही, पण डोळे हलले. त्यानं बोटानं खूण केली, परत.

तिनं परत केलं. तिसऱ्यांदाही केलं. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं घोडा ओढला.

मग त्यानं स्क्रूड्रायव्हर तोंडातून काढून बाकावर ठेवला. "कुत्रं हललंय," तो म्हणाला. हळू म्हणाला. दोन वर्षांत तिनं त्याचा एवढा हळू आवाज ऐकला नव्हता.

आणि एकदम म्हातारा जाळीकडे वळला.

"तुला आला होता आवाज?"

लेकानं मान खाली घातली.

"ए, तोंड वर कर! आला होता?"

"आला होता."

"आणि तुम्हाला, कप्तानसाहेब?"

"मी आपलं, आबा, तुमचा मान म्हणून..."

"मान? माझं पिस्तूल लोकांच्या पोटात गोळी घालणार आणि तुम्ही माझा मान ठेवणार! मेल्यावर हार घाला की मग! आत्ता कशाला?" त्यानं चिठ्ठी ओढून टराटरा फाडली. पिन काढून लिव्हर बाहेर घेतला, ऐरणीवर ठेवला आणि हातोड्याचे तीन घाव घातले. चपटा झाला तरी चौथा घातला. कुणी उचलून परत बसवायला नको. मग तो हातोडा धरून धापा टाकत उभा राहिला.

"तू कशाला खोटं बोललास?" सुनेनं नवऱ्याला विचारलं. कप्तानसमोर तू म्हणाली, तिलाही कळलं, पण आता कुठलं काय.

"मी काय करू? दोन वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरकडे मीच नेलं होतं. यांनीच शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून. तुला तर मुळीच नाही."

"मला तर मुळीच नाही?"

"तू हसशील म्हणाले."

"मला धातू ऐकू येतो!" म्हातारा त्यांच्या तोंडांकडे बघत होता, त्यानं बरंचसं पकडलं होतं. "माणसांची कटकट ऐकू येईना, म्हटलं बरं झालं, सुटलो. पण धातू येत होता मला!"

"येत होता की येतो असं वाटत होतं?"

आणि तो प्रश्न तिच्याच तोंडून बाहेर पडून तिच्याच छातीवर येऊन आदळला.

"आबा," ती त्याच्या समोर जाऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दोन वर्षं माझं कोण तपासत होतं?"

म्हातारा खाली बसला.

खिडकीशी तारेला दुकानातल्या चिठ्ठ्यांच्या नकला ओवलेल्या असायच्या. तिनं तार हुकावरून काढली आणि बाकावर सगळ्या चिठ्ठ्या उपसल्या. स्प्रिंगा बदलल्याच्या बाजूला, चाप साफ केल्याच्या बाजूला. सेफ्टी बसवल्याच्या, डावीकडे तिची सही आणि उजवीकडे लांब शेपटी, अशा निघाल्या एकोणीस.

"अगं, पण तू चांगली घासतेस," नवरा काकुळतीला आला. "तुझं कधी चुकलंय का?"

"मला कसं कळणार चुकलंय का? ते कळायला तर दुसरा माणूस लागतो! आबासुद्धा चांगलंच घासतात. बघितलंस ना आत्ता?"

"एकोणीस जणांना सांगणार आपल्याला ऐकू येत नाही म्हणून? कोण पायरी चढेल मग या दुकानाची?"

"चढू नये कुणी. पाय तर शाबूत राहतील."

"मी काय म्हणतो," कप्तान घड्याळ बघत मध्ये घुसला, "तुमचं घरचं चालू द्या, माझ्या पिस्तुलाचं तेवढं..."

"तुमची यात चार आहेत."

"काय चार?"

"एकोणीसातली चार तुमची आहेत, कप्तानसाहेब. चार माणसं आत्ता कुठल्या कुठल्या दारात ती कमरेला लावून उभी आहेत. बोलवा त्यांना. पिस्तुलं रिकामी करायला सांगा, आणि मग आणायला सांगा."

कप्तानचा रंग उडाला. "अहो, एकजण तर घरी नेतो रात्री! पोरं आहेत त्याच्या घरात!" तो बाहेर धावला, आणि बंद दारावर आधी आपटला, मग कडी सापडली. रस्त्यावर उभा राहून तो फोनवर कुणाला तरी जी शिवी देत होता ती आतपर्यंत येत होती.

काउंटरवरच्या फोनवर नवऱ्यानं हात ठेवला होता. "आज नको. एक दिवस थांब. एकेकाला गोड बोलून बोलावू, मोफत तेलपाणी आहे म्हणून. कुणाला कारण कळणार नाही."

"आणि तोपर्यंत?"

"दोन वर्षं काही झालं नाही ना?"

"हात काढ."

"ऐक तर."

"दोन वर्षांपूर्वी तू खरं ऐकवलं असतंस तर ऐकलं असतं! हात काढ, नाहीतर तुझंही बोट चिंधीत जाईल!"

त्यानं हात काढला. ती घाबरवायला बोलत नव्हती, हे त्याला कळलं असावं. मग तो तिथेच उभा राहिला, जायलाही जमेना आणि थांबायलाही.

सासरा आतून आला. एकोणीस चिठ्ठ्या त्यानं तारखेनं लावून आणल्या होत्या. खुर्ची ओढली, चष्मा चढवला आणि पहिल्या चिठ्ठीवरचा गिऱ्हाइकाचा फोन नंबर खणखणीत वाचला, शाळेत पाढे म्हणतात तसा. शेवटचे दोन आकडे त्यानं दोनदा वाचले. तिनं फिरवला. तो नंबर नेमबाजी शिकवणाऱ्या मास्तरणीचा. शाळेतल्या मुली यायच्या तिच्याकडे.

"हो, मीच बोलतेय, दुकानातून. तुमच्या पिस्तुलाची सेफ्टी मी बसवली होती ना, ती तपासायचीये. नाही, तक्रार तुमची नाही, आमची आहे. आमच्या तपासण्यात खोट निघालीये."

पलीकडून मास्तरीण हसली. "अगं, झकास चालतंय की! खट्ट लागते सेफ्टी."

"त्या खट्टवर जाऊ नका! खट्टला काही अर्थ नाही!" ती किंचाळलीच. "मुलींच्या हातात आहे का आत्ता?"

"एकीच्या आहे. सराव चाललाय. उद्या सकाळी आणून दिलं तर?"

"उद्या नाही. आधी तिच्या हातातून घ्या. घ्या, मी थांबलेय. नळी समोर, बोट चापावर नको. फोन ठेवू नका!"

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, लांब जाणारी. काउंटरपलीकडे नवरा नखं खात होता. सासऱ्याला यातलं काहीच कळलं नव्हतं. त्यानं दुसरी चिठ्ठी उचलली आणि पुढचा नंबर वाचायला सुरुवात केली, पार गल्लीपर्यंत जाईल अशा आवाजात.

"आबा, थांबा! पहिलाच अजून..."

तो वाचतच राहिला. तिनं फोन कानाशी घट्ट दाबला आणि दुसऱ्या हातानं त्याचं मनगट आवळून धरलं.